सासूबाईंची चापट

"आणि मास्तर, तुमचं संगीत रेडिओवर कितीदा लागलं?"

तन्मयनं विचारलं आणि चहा गाळता गाळता माझा हात थांबला. माझ्या पोरानं असं विचारलं असतं तर मुस्काट फोडलं असतं.

आल्बान मास्तर सॅक्सोफोन वाजवतात, जॅझ रचतात. पण दुसऱ्यांसारखं नाही. त्यांचा सूर चालता चालता अडखळतो, मध्येच किंचाळतो, मग गप्प बसतो... लग्नाच्या बँडात वाजवून पोट भरलं, पण आपल्या रचनेतला एक सूर कुणाच्या बापासाठी हलवला नाही. धोबीतलावला माझ्या टपरीवर रोज येतात. तन्मय त्यांचा चेला. हुशार आहे. ते त्यालाही ठाऊक आहे, तीच खोड.

"एकदा," मास्तर म्हणाले.

"एकदाच?"

"पुरलं की, बाबा."

"मग? लोक काय म्हणाले?"

मास्तर हसायला लागले. "इथंच बसलो होतो. तेव्हा हिची सासू चहा करायची. माझी रचना लागली. सॅक्सोफोन किंचाळला तशी म्हातारी उठली. 'ह्या मेल्याला काय झालं आता?' म्हणाली, आणि रेडिओला ठेवून दिली एक चापट!"

"काय हा अपमान!"

"अपमान कसला? काय तालात मारली होती! घरी गेलो आणि ती चापट रचनेत घातली. आमचा ड्रमवाला अजून तिथं एकच ठोका हाणतो."

खोटं नाही. मी ऐकलाय तो ठोका. अंगावर काटा येतो.

तन्मय जरा घुटमळला. "मास्तर, आज माझी लागणार आहे. आत्ताच. फक्त मधला किंचाळणारा भाग काढ म्हणाले रेडिओवाले..."

"काढलास?"

"काढला. पुढच्या रचना पण अशाच मऊ करून दे म्हणतात, मग दर महिन्याला लावतील. देऊ का?"

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. रेडिओ चालूच होता.

लागली. गोड होती, नाही कशाला म्हणू? बाकड्यावरचा टॅक्सीवाला पाव बुडवून खात राहिला. शेजारचा पेपर वाचत राहिला. मी कपबश्या विसळत होते, त्या विसळून संपल्या.

रचनाही संपली. साबणाची जाहिरात लागली.

तन्मयचं तोंड नुसतं फुललं होतं. "बघितलंत? एकानं तरी तोंड वाकडं केलं?"

मास्तरांनी हातातला कप गोल फिरवला.

"मास्तर... सांगा ना. देऊ का पुढच्या?"

मास्तरांनी कपातला शेवटचा घोट घेतला. रेडिओकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी पदराला हात पुसत होते, त्या हातांकडे ते बघत राहिले...

"हिचा हात उठला नाही, बाबा."