पहिली फेरी मालकाची

मुरमावर टायर घसरल्याचा खर्रकन आवाज येसबाने पस्तीस वर्षांपूर्वी ऐकला होता. घाटाच्या त्या वळणावर त्याचा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून येसबा घाटमाथ्यावर सायकली दुरुस्त करी आणि कमी बोले.

एक दिवस रिसॉर्टचे मालक दिग्विजयराव दहा इलेक्ट्रिक माउंटन बाईक घेऊन आले. "हे गुळगुळीत टायर बसव. बॅटरी जास्त पुरते."

"साहेब, पाहुणे मुरमाच्या वाटेने उतरणार. खोल खाचांचे टायर घ्या. गाडी जड आहे, घसरली तर आवरायची नाही."

"चौथी नापास, आणि मला शिकवतोस? बसव, नाहीतर दुकान हलव. जागा माझी आहे!"

येसबाने एका गाडीला ते टायर चढवले आणि ती उताराच्या तोंडाशी उभी केली. "आमच्यात रीत आहे, साहेब. नव्या टायरवर पहिली फेरी मालकाने मारायची."

दिग्विजयरावांनी खाली दरीत पाहिलं. "वेडा झालास? माझी पोरं लहान आहेत अजून."

"मग पाहुण्यांना विचारत जा," येसबा हळूच म्हणाला. "ज्यांची पोरं मोठी झालीत, त्यांनाच गाड्या द्या."

दिग्विजयरावांनी दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या खाचांच्या टायरांकडे बोट केलं आणि ते चालू लागले.