पाण्याला भरवलेला लाडू

नदी जिथे कोपरासारखी वळते, तिथे लिंबांची एक बाग होती आणि बागेच्या पलीकडे एका नावाड्याचं घर. घर होतं, पण नावाडी आता नव्हता. श्रावणातल्या पुरात त्याची नाव उलटली, तेव्हा त्याची चार वर्षांची धाकटी मुलगी तानी काठावर उभी होती. तिने सगळं पाहिलं.

त्या दिवसापासून तानी पाण्याला घाबरू लागली. प्यायचं पाणीसुद्धा ती डोळे मिटून प्यायची. अंगावर थेंब उडाला तरी किंचाळायची, मग अंघोळ कुठली! कार्तिक आला तोवर तिच्या इवल्याशा अंगावर लाल लाल फोड उठले.

वैद्यबुवा आले. त्यांनी फोड पाहिले आणि मान हलवली. "अमावास्येच्या आत पोरीला कडुलिंबाच्या पाण्यात बसवा. विष आत उतरलं, तर माझ्या पुड्या काही कामाच्या नाहीत."

अमावास्येला सहा दिवस होते.

आईने तानीला धरून बसवून पाहिलं. तानीने श्वासच रोखला. ओठ निळे पडले, मान कलंडली. आईने तिला झटकन उचलून छातीशी घेतलं. "नाही गं माझे बाई, पुन्हा नाही," एवढंच ती म्हणाली आणि दुसऱ्यांच्या घरची भांडी घासायला निघून गेली. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती, हसलीही नव्हती.

थोरली कुंदा दहा वर्षांची होती. आई कामावरून साबणाच्या उरलेल्या चिपट्या आणायची. कुंदाने त्या वाफेवर वितळवल्या, त्यात गुलाबाच्या पाकळ्यांचा रस घातला आणि मोदकाच्या साच्यात ओतल्या. गुलाबी गुलाबी, कळीदार साबण तयार झाला. तानी त्याला बाहुलीसारखी मांडीवर घेऊन बसली. पण कुंदाने पाण्याचा तांब्या पुढे आणताच तिने साबण भिंतीवर भिरकावला.

कुंदा तुकडे वेचून उठली आणि धुण्याची बादली घेऊन बागेत गेली. तिथे कुणी रडताना पाहत नाही.

लिंबाच्या एका फांदीवर काहीतरी फडफडत होतं. कुंदा जवळ गेली. अंगठ्याएवढी एक परी पानाला चिकटली होती! लिंबाच्या झाडाला जो चिकटा पडतो, त्यात तिचे चिमुकले पंख माखले होते.

"ओढू नकोस हं," परी हळूच म्हणाली, "फाटतील."

"नाही ओढत." कुंदाने बादलीतलं रिठ्याचं पाणी घुसळून त्याचा फेस केला. करंगळीच्या टोकावर तो घेऊन तिने एकेक पंख धुतला, फुंकर घालून वाळवला. सगळी दुपार त्यात गेली. धुतलेल्या पंखांत सात रंग लखलखले.

"तुला तीन इच्छा देते," परी म्हणाली. "पण नियम आहे. तुझ्या ओंजळीत मावेल तेवढंच मागायचं."

"माझे बाबा?"

"ते मावत नाहीत गं, राणी."

"मग तानीची भीती काढून घे."

"ती तर मला उचलवणारसुद्धा नाही."

कुंदा विचार करत बसली. एकदा तानीचं पोट दुखत होतं, तेव्हा आईने सोड्याच्या पाण्यात लिंबू पिळलं होतं. पेला फसफसून वर आला आणि तानीने दुखणं विसरून टाळ्या पिटल्या होत्या. घंगाळभर पाणी तसं नाचलं तर? आणि लाडवाला तर तानी कधीच नाही म्हणत नाही. सोड्याचा आणि लिंबाचा लाडू वळला, तर तो पाण्यात पडल्यावरच फसफसेल!

"ओंजळभर खायचा सोडा दे," ती म्हणाली. "आणि ओंजळभर लिंबू. पण कोरडं."

परीने पंख झटकले. एका ओंजळीत पांढरी भुकटी आली, दुसऱ्या ओंजळीत साखरेसारखं चमचमणारं लिंबाचं सत्त्व.

"तिसरी इच्छा राहू दे," कुंदा म्हणाली.

घरी तिने दोन्ही एकत्र करून रंगासाठी चिमूटभर हळद घातली आणि तीन ढीग केले. पहिला ढीग परातीत घेतला. लाडू फुटायला लागला की आई दुधाचा हबका मारायची, म्हणून तिनेही मारला. झालं! सगळं फसफसत परातीबाहेर आलं आणि मग खाली बसलं. उरला तो निव्वळ चिखल.

शेजारच्या साळूआजी दारातून डोकावल्या. "काय गं कुंदे, पिठलं उतू गेलं का?"

"लाडू वळतेय, आजी. सोड्याचे."

"अगं बाई! हे सासरी गेल्यावर कुणाला सांगू नकोस हो."

दुसऱ्या ढिगाला कुंदाने नुसती ओली बोटं लावली. लाडू वळला. पण सकाळी तो फुगून तडकला होता आणि पाण्यात टाकल्यावर दगडासारखा गपचूप तळाशी गेला. रात्रभर तो आतल्या आत फसफसून संपला होता.

आता एकच ढीग राहिला. अमावास्येला दोन दिवस राहिले आणि तानीचं अंग तापू लागलं.

कुंदा बागेत धावली. पाणी नको, दूध नको, मग तेल! "ओंजळभर खोबरेल दे."

परी थबकली. "ओंजळभर?"

"हो."

परीने एका करवंटीत तेल ओतलं आणि ती पानाआड गेली.

परतताना विहिरीच्या वाटेवर साळूआजी बसल्या होत्या. घागर शेजारी आडवी. थंडीने टाचा उलल्या होत्या आणि भेगांतून रक्त येत होतं.

"तू जा, बाळ," त्या म्हणाल्या. "मी बसेन जरा. पाऊलच टेकवत नाही."

कुंदा चार पावलं गेली. करवंटीकडे पाहिलं. मग मागे फिरली. थोडंसंच लावू, असं तिने ठरवलं होतं. पण त्या भेगा खोल होत्या. जितकं लावलं तितकं तेल त्यांनी पिऊन टाकलं. करवंटी कोरडी झाली. आजींनी तिच्या गालावरून हात फिरवला. तेल कशासाठी होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि कुंदाने सांगितलं नाही.

घरी ती परातीसमोर बसली. डोळ्यांतलं पाणी भुकटीत पडू नये म्हणून तिने मान मागे केली आणि नुसत्याच तेलकट हातांनी ती भुकटी दाबत राहिली. किती वेळ, कोण जाणे. गार वाऱ्याने हातावरचं खोबरेल तुपासारखं थिजलं होतं. मुठीतली भुकटी हळूहळू धरू लागली. एक गोल, पिवळाधमक लाडू झाला! त्यावर तिने गुलाबाच्या पाकळ्या दाबल्या आणि रात्रभर तो कोरड्या फळीवर ठेवला.

सकाळी साळूआजी लंगडत आल्या. काखेत तांब्याचं घंगाळ होतं. "टाचा टेकायला लागल्या गं. तुमच्या बादलीत पोर कशी मावेल?"

कडुलिंबाचं कोमट पाणी घंगाळात ओतलं. तानी पाठ करून कोपऱ्यात बसली होती. कुंदाने तिच्या हातात लाडू ठेवला.

"खायचा नाही हं. पाण्याला भरवायचा."

तानीने लाडू मागे ओढला. "पाण्याने बाबांना खाल्लं. त्याला कशाला लाडू?"

कुंदा तिच्याजवळ खाली बसली. ती म्हणाली, "मीही रागावलेय त्याच्यावर. चल, दोघी मिळून फेकू."

तानीने तो दगडासारखा फेकला.

सळसळ सळसळ! सोड्यातल्या हळदीने पाणी क्षणभर कुंकवासारखं लाल झालं, मग सोनेरी. हजारो चिमुकले बुडबुडे वर धावले. पाकळ्या एकेक करून सुटल्या आणि गोल गोल फिरू लागल्या. तानी एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. तिने बोट बुडवलं.

"ताई, गुदगुल्या करतंय!"

बोटामागून हात गेला, हातामागून पाय. परकरासकट तानी पाण्यात बसली. दारात आई श्वास रोखून उभी होती.

"मला दुखलं नाही," तानी म्हणाली. "बाबांनाही दुखलं नसेल ना?"

आई पुढे आली. घंगाळाशी बसून तिने तानीच्या पाठीवर तांब्याने पाणी सोडलं. "नसेल गं, बाळा," ती म्हणाली आणि श्रावणानंतर पहिल्यांदा रडली.

घंगाळाच्या काठावर परी येऊन बसली होती. "ओंजळभर तेल घातलं असतंस, तर नुसता लगदा झाला असता," ती कुंदाच्या कानाशी कुजबुजली. "मागितलं तेच द्यायचं, न विचारता सांगायचं नाही, हा माझ्यावरचा नियम. तुझ्या हाताला लागलं होतं तेवढंच तेल पुरेसं होतं. आता तानीचे फोड आठ दिवसांत जातील."

तिचे पंख उघडले. सगळ्या घरात सात रंगांचा उजेड पसरला, आईच्या ओल्या गालांवर, साळूआजींच्या पांढऱ्या केसांत, पाण्यावर. मग तो उजेड बारीक होत होत एका ठिपक्याएवढा झाला आणि विझला.

बिनखिडकीचं घर पुन्हा अंधारं झालं. त्या अंधारातून तानीचा आवाज आला.

"पाणी निवलं की गं, आई. अजून कढत आण!"