हाडाला तहान लागते काय?

संत फिदेलीन देहात असताना आपल्या वसईत कधी आले नाहीत. आले ते कैक वर्षांनी, आणि तेही तांदळाच्या दाण्याएवढे! त्यांच्या बोटाच्या हाडाचा तेवढाच कण चांदीच्या करंडकात होता. तो घेऊन फादर इनास बोरभाटच्या चर्चमध्ये आले, तेव्हा सगळा गाव माना उंचावून पाहू लागला. ‘एवढंसंच?’ असं पुष्कळांच्या मनात आलं.

मिस्सेच्या प्रार्थनेत फादर सांगू लागले, “फिदेलीनबाबांची रीत मोठी अजब होती. वाटेनं जाताना ते गरिबाच्या दारी थांबत आणि म्हणत, ‘माय, पाणी दे.’” इतक्यात बाहेर बँडवाल्यांनी ढोल बडवायला घेतला आणि गोष्ट अर्धीच राहिली.

मागच्या बाकावरच्या नातालीबायनं तेवढीच अर्धी गोष्ट मनात धरली. नवऱ्यामागं तिला आधार होता तो एका मोगऱ्याच्या वाडीचा. पण वाडीची विहीर खारी झाली होती, मोगरा पिवळा पडत चालला होता. आणखी एक उन्हाळा असाच गेला तर वाडी हातची जाणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं घरी जाऊन तांब्या घासला, भरून दारात ठेवला आणि करंडकाची पालखी काढणाऱ्या समितीचे प्रमुख बस्त्याव तुस्कान यांना गाठलं.

“बस्त्यावदादा, पालखी माझ्या दारावरून जाईल ना? बाबांना पाणी ठेवलंय.”

“हाडाला तहान लागते काय गो?” बस्त्याव म्हणाले. भोवतीचे हसले. “आणि ठेवलंस ते तुझ्याच विहिरीचं? त्यात मासे शिजवले तर मीठ घालायला नको!”

“माझ्याकडं तेच आहे, दादा.”

मे महिन्याचं ऊन, त्यात मिरवणूक निघायला उशीर झालेला. बस्त्याव काळा कोट घालून पालखीच्या मागं सगळ्यांवर ओरडत चालले होते. सकाळपासून घोटभर पाणी प्यायलाही त्यांना फुरसत झाली नव्हती. नातालीबायच्या दारासमोर पालखी आली आणि थांबली.

“काय झालं रे?”

“पाय उचलत नाय, काका,” पालखी वाहणारी पोरं म्हणाली.

कोणी दांडी तपासली, कोणी वाकून खाली पाहिलं. काही अडकलेलं नव्हतं. “सरका, मी बघतो,” म्हणत बस्त्यावांनी स्वतः खांदा दिला. पालखी जागची हलेना. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते रस्त्यावरच कोसळले.

नातालीबाय तांब्या घेऊन धावली. क्षणभर तिचा हात थबकला, पाणी बाबांसाठी ठेवलेलं होतं आणि खारंही होतं. पण समोर माणूस पडला होता. तिनं त्यांच्या ओठांना तांब्या लावला.

बस्त्याव प्यायले, पुन्हा प्यायले. डोळे उघडून त्यांनी विचारलं, “कुठलं गो हे पाणी?”

“आमच्याच विहिरीचं. माफ करा, दादा.”

“गोड आहे.”

“तहानेल्याला खारंही गोड लागतं,” ती ओशाळून म्हणाली.

फादरांनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि तिच्याकडं पाहतच राहिले. पोरांनी धावत जाऊन विहिरीत बादली सोडली. ते पाणीही शहाळ्यासारखं गोड! नातालीबाय तिथंच, दारालगतच्या मोगऱ्याच्या वाफ्यात बसली आणि रडू लागली.

“सकाळची गोष्ट राहिली होती,” फादर हळूच म्हणाले. “बाबा पाणी मागत, पण ते कधी स्वतः पीत नसत. मागून कोणी तहानलेला येत असेल, त्याला देत.”

बस्त्यावांनी वहाणा काढल्या, नातालीबायपुढं हात जोडले आणि पालखीच्या दांडीवर कपाळ टेकलं.

“बाबा,” ते म्हणाले, “तहान माझी होती.”

पोरांनी खांदा दिला, आणि पालखी चालू लागली.