डावा डोळा

त्या किनाऱ्यावर ज्या खेकड्यांना शंख होता ते जगायचे, आणि ज्यांना नव्हता त्यांना कावळे खायचे.

बिनशंखाचे खेकडे, मऊ पोटं घेऊन, एका उलट्या पडलेल्या होडीखाली राहत. होडीला भोक होतं. रोज सकाळी कावळा त्यातून चोच घालून एकाला ओढायचा आणि बाकीचे जरा ऐसपैस बसायचे.

राजा कासव होता. एकदा तो होडी बघायला आला आणि फार हळहळला. "किती भकास दिसतंय हो!" लगेच हुकूम निघाला: होडीवर भव्य चित्र.

शिपाई कुर्ल्यांनी किनाऱ्यावरचे झाडून सगळे रिकामे शंख गोळा केले. बिनशंखाच्यांनी खूश होऊन रांग लावली. मग लांब मिशांचा, झिंग्यासारखा चित्रकार शेवंड आला आणि एकेका शंखाचं तोंड गिलाव्याने बुजवून तो होडीवर चिकटवायला लागला. चित्र हसऱ्या खेकड्याचं होतं.

"शेवंडदादा, एक द्या की," रांगेतली पहिली येसूमावशी म्हणाली. "उद्या भोकाशी मी आहे."

"मावशी, हे सगळं तुमच्यासाठीच तर चाललंय."

"मग द्या ना!"

"चित्र फाटकं दिसेल."

रांगेतल्या दोघा खेकड्यांनी शंख उपटून बघितला. शिपायांनी त्यांचे सगळे पाय मोडले आणि पसारा नको म्हणून एका बाजूला नीट रचून ठेवले.

दुसऱ्या दिवशी, उद्घाटनाच्या सकाळी, फक्त डाव्या डोळ्याचा शंख उघडा होता. तो राजा स्वतः बुजवणार होता. तेवढ्यात कावळ्याने येसूमावशीचा पाय धरला. पाय चोचीतच सोडून ती चित्रावर चढली आणि त्या डोळ्यात पोट खुपसून बसली. कावळ्याने डोळ्यावर चोच मारली.

"अरे, चित्र!" शिपाई ओरडले. त्यांनी कावळ्याचे पंख उपटले, मान पिरगाळली, पोट फाडलं. कावळा मेलेला होडीखालच्यांनी आजवर कधी बघितला नव्हता.

"वर या गं सगळ्या!" येसूमावशी ओरडली. "वर राखण आहे!"

मग वाजतगाजत राजा आला. त्याने थापी उचलली.

"महाराज, आत मी आहे!"

"हो हो," राजा प्रेमाने म्हणाला, "तुमचंच आहे हे," आणि त्याने गिलावा मारला.

गिलावा ओला होता तोवर डोळा हलत होता. "काय जिवंत काम आहे!" म्हणत लोक टाळ्या वाजवत होते. मागच्यांना नीट दिसलं नाही, म्हणून राजाने अजून एक थर दिला.