कुरणीत होडी चालते का?

“पण बुवा, तुम्ही होडीत बसता ना? कोर्टाचे साहेब एवढंच विचारतील. हो म्हणायला तुमचं काय जातं?”

विश्वंभरबुवा घाटाच्या पायरीवर बसून नैवेद्याचं ताट केळीच्या पानानं झाकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पाणी असलं की बसतो. नसलं की उतरतो आणि होडी ढकलत नेतो.”

“ढकलता ते सांगू नका.”

“बरं. आणि विचारलं तर?”

“नाही विचारणार.”

“मग तू मला पढवायला कशाला आलायस?”

दौलत राक्षेनं अंगातला काळा कोट सारखा केला. लहानपणी याच मठात जेवला होता, इथंच बाराखडी शिकला होता. आता शहरातला नावाजलेला वकील. वकील झाल्यापासून तो कुणालाही प्रश्न विचारायचा तो उत्तर मुठीत धरूनच. आज मात्र त्या मुठीला घाम आला होता.

मठ या काठाला आणि मठाच्या मूळपुरुषाची समाधी त्या काठाला. पूल होऊन जमाना लोटला, तरी नैवेद्य पुलावरून न्यायचा नाही, होडीतूनच न्यायचा, हा मठाचा रिवाज. कुरणी नदीवर तेवढी एकच होडी उरली होती, आणि दौलतचा अख्खा खटला आता तिच्यात बसला होता.

मठ आणि समाधी सोडून दोन्ही काठ एका बिल्डरनं घेतले होते. त्याचं म्हणणं असं, की कुरणी ही नदी नव्हेच, नाला आहे. इथं होडी चालत नाही. आणि जिथं होडी चालत नाही तिथं पात्र काठाच्या मालकाचं. मधल्या रेषेपर्यंत या काठाचं, पुढचं त्या काठाचं. दोन्ही काठ त्याचेच, म्हणजे पात्रही त्याचंच. त्यावर स्लॅब टाकायचा, स्लॅबवर दुकानं. पाण्यानं खालून पाइपातून जायचं.

पाइपात मावलं नाही, तर ते वरच्या अंगाला परीट आळीत शिरणार होतं. दौलतची आई आणि बहीण तिथंच राहत होत्या. म्हणून तो बिल्डरविरुद्ध हा खटला जीव तोडून लढत होता, यात खोट काढण्यासारखं काही नाही.

कोर्टानं कमिशनर नेमला होता. आज दुपारी साहेब घाटावर येऊन होडी चालते का ते डोळ्यांनी पाहणार होते.

बुवा नदीकडे बघत होते.

“आज पाणी बरंच आहे रे.”

“हो.”

“इकडं तर चार-सहा दिवसांत थेंब नाही.”

दौलत घड्याळात पाहू लागला.

“दौलत...”

“बरगे घातलेत, बुवा. सकाळी. खालच्या बंधाऱ्याला.”

बरगे म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या. पावसाळा पुरता उठला, की मगच त्या बसवायच्या; त्याआधी त्यांना कुणी हात लावत नाही, नाहीतर डोंगराचं पाणी अडून मागं वस्तीत चढतं, हे या काठावरचं शेंबडं पोरही जाणतं. दौलतही जाणत होता. डोंगराकडे आभाळ काजळासारखं झालं होतं.

“एका दुपारपुरते,” तो घाईघाईनं म्हणाला. “साहेब पाहून गेले की लगेच काढायचे. खोटं काय त्यात? पाणी नदीचंच आहे. मी ते नुसतं थांबवलंय.”

बुवांनी खालच्या पायरीकडे बोट केलं. दौलत आला तेव्हा ती कोरडी होती. आता दिसत नव्हती.

“थांबलंय का?”

दौलतचा फोन वाजला. बहिणीचा होता.

“दौल्या, आरं पाणी चढाय लागलंय! धुण्याचा दगुड बुडाला. असं कधी झालं न्हाई, पावसाबिगर.”

“ताई, घाबरू नकोस. जरा वेळ. साहेब येऊन जाऊ देत.”

“कोन सायेब? आईला हलवू का नको, त्येवढं सांग.”

“नको... थांब जरा. उतरेल.”

त्यानं फोन ठेवला आणि रस्त्याकडे पाहिलं. साहेबांच्या गाडीचा पत्ता नव्हता. कारकुनाला फोन लावला, तर साहेब चौकात अडकलेत, निघालेतच, असं कळलं. दौलत पायऱ्या चढला, पुन्हा उतरला.

“आजचा दिवस निभला पाहिजे, बुवा. कमिशनरनं ‘होडी चालत नाही’ असं लिहिलं, की संपलं. मग दर पावसाळ्यात ताई असाच फोन करणार. मी तिच्यासाठीच करतोय हे सगळं.”

“तिला सांगितलंस?”

“काय?”

“बरगे घातलेत ते.”

दौलतनं फोन खिशात घातला.

दूर डोंगरावर गडगडलं. बुवा उठले. त्यांनी ताट उचललं, होडीत ठेवलं आणि वल्हं हातात घेतलं.

“बस.”

“आत्ता? साहेब यायच्या आत?”

“चालते का बघू तर खरं. तू कोर्टात सांगतोस, पण बसला नाहीस कधी.”

दौलत बसला. होडी तळाला न घासता सुटली, लोण्यातून सुरी जावी तशी. इतक्या काळजीतही त्याला बरं वाटलं. हे साहेबांनी पाहायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं.

मग होडीचं तोंड वरच्या अंगाला वळलं.

“बुवा, समाधी तिकडं राहिली.”

“नैवेद्य थांबेल.”

दौलत चमकला. तापानं फणफणलेले असतानाही बुवांनी नैवेद्य थांबवला नव्हता, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं.

काठाची झुडपं निम्मी पाण्यात होती. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या पाण्याला टेकल्या होत्या. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. एका विजेच्या खांबापाशी त्यांनी होडी डावीकडे घातली, आणि दौलतच्या उशिरा लक्षात आलं, की ही नदी नाही. ही परीट आळी आहे.

होडी आळीतून चालली होती. कुठंही अडली नाही.

लोक गठड्या डोक्यावर घेऊन देवळाच्या ओट्याकडे चालले होते. इस्त्रीला आलेले गावचे कपडे, दुसऱ्यांचे, म्हणून आधी ते वाचवायचे. दौलतला पाहून दोघं-तिघं थांबले.

होडी एका दाराशी टेकली. आत आई बाजेवर बसली होती, पाय वर घेऊन. बाजेचे खूर पाण्यात होते. ताई गुडघाभर पाण्यात उभी होती.

“होडीनं आलास?” ताई म्हणाली. तिला रडू फुटलं. “मला म्हनलास थांब. थांबले की रे मी!”

दौलतला तोंड वर करवेना. त्यानं बंधाऱ्यावर फोन लावला.

“काढा बरगे. सगळे. साहेबांचं राहू दे, मी सांगतोय ना... आत्ता काढा!”

पलीकडून कुणी ओरडून सांगत होतं, की फळ्या दाबाखाली आवळल्यात, दोन निघाल्यात, बाकीच्यांना दोर लावतोय.

“लावा दोर. माणसं लागतील तेवढी बोलवा.”

तो होडीतून उतरला. कोट भिजला. त्यानं आईला उचललं. ती इतकी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. बुवांनी ताट मांडीवर घेऊन तिला जागा करून दिली.

फोन पुन्हा वाजला.

“राक्षे वकील? मी घाटावर उभा आहे. इथं तर होडी दिसत नाही. कुठं आहे तुमची होडी?”

दौलतनं फोनवर हात धरला. बरगे निघाले की घाटावरचं पाणी उतरणार होतं. साहेबांना थोपवून ठेवता येत नव्हतं, आणि इकडे बोलवायचं तर बरग्यांचं सांगावं लागणार होतं. आभाळातून टपोरे थेंब पडायला लागले.

“बुवा... काय सांगू यांना?”

बुवांनी वल्हं दाराच्या चौकटीला टेकवलं, होडी हलू नये म्हणून.

“विचारलंय ते सांग की. तुझ्या आईच्या उंबऱ्याला लागलीय म्हणावं.”