नदीकडच्या पट्ट्यातलं गवत

नदीच्या अल्याड पळसाचं एक जंगल होतं आणि त्या जंगलात एक गवा राहत असे. अंगानं टेकडीएवढा, पण स्वभावानं इतका गरीब, की पाठीवर येऊन बसलेल्या पाखराला कधी 'ऊठ' म्हणाला नाही. या गव्याला दोनच गोष्टींची आवड होती. एक ओलं गवत, आणि दुसरा आपल्या जंगलाचा फुटबॉल संघ.

हसू नका, बाळांनो. जंगलातही फुटबॉल असतो. सुगरण पक्षीण काथ्याचा चेंडू विणून देते. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन वारुळं असली, की झाला गोल. करकोचा पंच होतो. त्याच्याजवळ शिट्टी नसते, तो चोच वाजवतो. तिकीट मात्र इथं वेगळंच होतं. सामन्याच्या आधी तीन दिवस गवत खाणाऱ्या प्रत्येकानं मैदानात यायचं आणि आपापला पट्टा चरून सपाट करायचा. चितळांचा पट्टा मधला, सांबरांचा पलीकडचा. नदीच्या बाजूचा लांबच लांब पट्टा गव्याचा. तोंडभर गवत खाल्लं, की सामना बघायला मोकळे. ही रीत कुणी घातली ते कुणाला आठवत नव्हतं, पण ती कधी मोडलीही नव्हती.

आणि त्या नदीकडच्या पट्ट्यातून पळायचा संघातला ससा. काय पळायचा म्हणता! चेंडू त्याच्या पायाला जणू डिंकानं चिकटवलेला. गवा म्हणूनच आपला पट्टा फार जपून चरायचा. खडा दिसला तर नाकानं बाजूला सारायचा, काटा दिसला तर उपटायचा. सामना संपला की ससा टुणकन त्याच्या पाठीवर बसायचा आणि म्हणायचा, "गवादादा, आज गवत अगदी गादीसारखं होतं." एवढं ऐकलं, की गव्याचा आठवडा सुखात जायचा.

एका भाद्रपदात बातमी आली. संघाचा कारभार बघणाऱ्या साळिंदरानं सशाला नदीपल्याडच्या संघाला विकून टाकलं! वीस टोपल्या सुक्या मोहफुलांना!

आता पळसाच्या जंगलात सातभाई पक्ष्यांचा एक थवा होता. एक बोलला की सहा जण बोलणार, आणि सगळे एकदम. मैदानाकाठच्या चिंचेवर त्यांची सभा भरली.

"वीस टोपल्या? सशाच्या एका कानाला वीस टोपल्या पडल्या असत्या!"

"आणि त्या टोपल्या गेल्या कुठं? साळिंदराची कूस बघा कशी भरलीय."

"ते काटे आहेत रे, काटे!"

"काट्यांच्या आत काय आहे, ते कुणी बघितलंय?"

"मागच्या साली अजगर आणला, तेव्हाच मी म्हटलं होतं. 'गोलात आडवा टाकू, चेंडू जाईल कुठून' म्हणे! एकदा जेवला आणि हंगामभर झोपला!"

"त्याला उठवायलाच दोन खेळाडू लागायचे!"

मधल्या फांदीवर कावळा बसला होता. हा रोज नदीपल्याड जाऊन यायचा, म्हणून सगळे त्याला फार जाणता समजत. त्यानं मान तिरकी केली. "मला आतलं ठाऊक आहे," तो म्हणाला, "पण मी बोलणार नाही." आणि मग तो संध्याकाळपर्यंत बोलला.

गवा खाली उभा राहून ऐकत होता. त्याला हिशोब कळत नव्हता. एवढंच कळत होतं, की नदीकडच्या पट्ट्यातून आता ससा पळणार नाही. शेवटी तो साळिंदराच्या बिळाशी गेला.

"कारभारी, आमच्या सशाला का विकलंत?"

साळिंदरानं बिळातूनच उत्तर दिलं, "गरज होती, गवोबा."

"कसली गरज?"

"ते आत्ता सांगता यायचं नाही."

झालं! ही गोष्ट चिंचेवर पोचली आणि सातभाई भडकले. "सांगता येत नाही म्हणजे काळंबेरं आहे! कारभारी हटला पाहिजे!" कावळ्यानं तोड काढली. "आपल्या हातात एकच गोष्ट आहे. तिकीट! साळिंदर जाईपर्यंत कुणीही मैदानात चरायचं नाही. बसू दे त्याला एकट्याला गवत खात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गव्यानं मान डोलावली नाही, पण हलवलीही नाही. त्याच्या मनात राग होता, सशाला नेल्याचा राग. आणि राग आला की गव्यालासुद्धा नीट सुचत नाही.

पाच जंगलांच्या पाच संघांत पळसाचा संघ तेव्हा चौथा होता. शेवटचा सामना उरला होता, दसऱ्यानंतरचा, आणि तोही नेमका नदीपल्याडच्यांशी. तो हरला तर संघ पाचवा ठरणार होता. जो पाचवा, त्याच्या मैदानावर वर्षभर सामना नाही. बरोबरी झाली तरी चालणार होतं, पण हरायचं नव्हतं.

सामन्याला तीन दिवस उरले. साळिंदर मैदानावर येऊन वाट बघत बसला. चितळं काठावर उभी राहिली, सांबरं उभी राहिली, गवा उभा राहिला. पाऊस नुकताच सरलेला, गवत कसं हिरवंगार, रसाळ. गव्याच्या तोंडाला पाणी सुटलं. पण बोली ती बोली. कुणी तोंड घातलं नाही. पहिल्या दिवशी गवत सशाच्या पोटाला लागेल एवढं होतं. सामन्याच्या सकाळी ते त्याच्या कानांच्या वर गेलं होतं.

त्याच सकाळी नदीपल्याडचा संघ ओंडक्यावरून उतरला. ओंडक्यावर आठ टोपल्याही होत्या. साळिंदरानं त्या उतरवून घेतल्या आणि कुणाशी न बोलता बिळाकडे नेल्या. "बघितलंत? बघितलंत?" सातभाई ओरडले. सगळ्यांत शेवटी ससा उतरला. त्यानं गव्याकडे बघितलं, नदीकडच्या पट्ट्याकडे बघितलं आणि त्याचे कान हळूच खाली आले.

करकोच्यानं चोच वाजवली. सामना सुरू झाला.

आता गंमत बघा. पळसाचा संघ खेळायचा जमिनीलगत. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून पुढच्याकडे. त्या उंच गवतात चेंडू चार पावलं जायचा आणि अडायचा. सशाच्या जागी आलेलं मुंगूस बिचारं चेंडू शोधतच फिरत होतं. आणि ससा? सशाला उंच गवत काय नवीन आहे? उंच गवतातच त्याचा जन्म! चेंडू घेऊन तो नदीकडच्या पट्ट्यात शिरला आणि दिसेनासा झाला. गवताचा शेंडा नाही हलला, पान नाही वाजलं. गोलकीपर वानर इकडे बघतंय, तिकडे बघतंय, तोवर दोन वारुळांच्या मधून आधी कान वर आले आणि मग ससा. गोल!

थोड्या वेळानं पुन्हा तसंच. पुन्हा कान, पुन्हा गोल.

दोन्ही वेळा ससा नाचला नाही, उडी मारली नाही. मान खाली घालून परत आपल्या जागी गेला. सशाची मावशी काठावर बसून एका डोळ्यानं हसत होती आणि दुसऱ्यानं रडत होती.

"गवत कुणी वाढवलं हे?" गोलातून वानर ओरडलं. "अरे, मी चेंडू अडवू की शेत राखू?"

चिंचेवर पहिल्यांदाच सगळे गप्प झाले.

मध्यंतर झालं. या मैदानाची रीत अशी, की चिंचेची सावली वारुळाला टेकेपर्यंत मध्यंतर. गवा मोठमोठी पावलं टाकत साळिंदराकडे गेला. साळिंदर एका धोंड्याआड एकटाच बसला होता.

"कारभारी," गवा म्हणाला, "माझ्या पट्ट्यातून आपल्याच सशानं आपल्यावर दोन गोल केले. आता तरी सांगा."

साळिंदरानं मान वर केली. "आता सांगतो, आता हरकत नाही. श्रावणातल्या पुरात आपल्या कोठारात पाणी शिरलं, गवोबा. वर्षाचं सगळं नासलं. अकरा जण सकाळ-संध्याकाळ सराव करतात, त्यांनी रानात पोट भरायला कधी जायचं? एक विकला नसता तर हिवाळ्यात अकराच्या अकरा पांगले असते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कोठार बुडालंय हे पल्याडच्यांना कळलं असतं, तर वीसच्या त्यांनी पाच टोपल्या केल्या असत्या. अडलेल्याला कोण पुरा भाव देतो? शेवटच्या आठ टोपल्या आज सकाळी हातात आल्या. तोवर तोंड शिवून बसलो. सशाला तेवढं सांगितलं होतं. तो म्हणाला, 'दहा जण जेवणार असतील तर जातो मी.'"

गवा म्हणाला, "मला तरी सांगायचं होतंत. मी कुणाला बोललो असतो?"

"तुम्ही नसता बोललात," साळिंदर म्हणाला, "पण तुमच्या पाठीवर कायम कुणी ना कुणी बसलेलं असतं."

गव्यानं वळून बघितलं. त्याच्या पाठीवर कावळा होता. कावळ्यानं एकदम नदीकडे तोंड फिरवलं, जणू तिथं काही फार महत्त्वाचं चाललंय.

गवा सरळ मैदानात उतरला, नदीकडच्या पट्ट्याच्या टोकाशी गेला, मान खाली घातली आणि चरायला लागला. असा चरायला लागला, की तीन दिवसांची भूक एकदम बाहेर पडली.

"अहो, बोली मोडली!" एक सातभाई ओरडला.

गव्यानं तोंड भरलेलंच ठेवून सांगितलं, "कारभाऱ्याशी भांडण सामना झाल्यावर. मी पण येतो भांडायला. आता गवत."

आधी एक चितळ उतरलं. मग कळप उतरला. मग सांबरं. सशाची मावशी तर तोंडाआधी पायानंच गवत उपटायला लागली. सातभाईंना गवत खाता येत नाही, तर ते कापलेल्या काड्या चोचीत धरून बाहेर टाकू लागले. भांडत भांडतच, पण टाकू लागले. कावळाही एक काडी घेऊन गेला. सावली वारुळाला टेकली तेव्हा मैदान होतं तसं सपाट झालं होतं. फक्त गव्याला धाप लागली होती.

करकोच्यानं चोच वाजवली. आता पळसाचा संघ आपला खेळ खेळू लागला. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून पुढच्याकडे. चेंडू सरसर जाऊ लागला. चितळाच्या पाडसानं पहिला गोल केला. दोनाला एक.

वेळ संपत आली तेव्हा चेंडू पुन्हा सशाला मिळाला. नदीकडच्या पट्ट्यातून तो सुटला. लपायला आता गवत नव्हतं, पण पळायला गादी होती, गव्यानंच केलेली. वाऱ्यासारखा आला. किती दिवसांनी गव्यानं त्याला तिथून पळताना बघितलं! त्याला कळेना, ओरडावं की डोळे मिटून घ्यावेत. पण या वेळी वानराला ससा दिसत होता. त्यानं शेपटीनं वारूळ धरलं, अंग आडवं फेकलं आणि चेंडू पकडला. तिथूनच त्यानं चेंडू लांब फेकला, तो गेला थेट मुंगसापाशी. मुंगसानं डोळे मिटले आणि लाथ मारली.

दोनाला दोन! करकोच्यानं चोच वाजवली. सामना बरोबरीत सुटला. पळसाचा संघ चौथाच राहिला, आणि मैदान मैदानच राहिलं.

सगळे नाचत होते, तेवढ्यात गव्याच्या पाठीवर टुणकन काहीतरी बसलं. गव्यानं वळून बघितलं नाही. त्याला वजन ओळखीचं होतं.

"गवादादा," ससा म्हणाला, "दुसऱ्या डावात गवत अगदी गादीसारखं होतं."

"तुझा गोल हुकला रे."

"हुकला," ससा म्हणाला, आणि जरा वेळानं म्हणाला, "बरं झालं की वाईट, ते अजून माझं ठरलेलं नाही."

नदीपल्याडच्यांचा ओंडका सुटेपर्यंत तो तिथंच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे भांडण झालं. साळिंदर मध्ये, सगळे भोवती. एवढे प्रश्न आले की त्याला संध्याकाळ पुरली नाही. शेवटी असं ठरलं, की भाव गुप्त राहू दे, पण कोठाराची खबर गव्याला द्यायची, आणि ती देताना त्याच्या पाठीवर कुणी बसलेलं नसावं. अजगराबद्दल मात्र साळिंदरानं सगळ्यांची माफी मागितली. तेव्हापासून पळसाच्या जंगलात भांडणं कमी झाली, असं समजू नका हं. उलट वाढली. फक्त आता सगळे चरता चरता भांडतात, आणि त्यामुळे मैदान कसं नेहमी गुळगुळीत असतं.

तात्पर्य : ज्यांच्यावर आपला जीव आहे, त्यांना रागानं जाब जरूर विचारावा, पण आपल्या वाटणीचं गवत चरायचं थांबवू नये.