बनीची वाटणी आणि खुडूक कोंबडी

कढीत गूळ घालायचा की नाही, यावरून हैबती आणि कोंडाई या नवराबायकोत अशी जुंपली की प्रकरण थेट काडीमोडावर गेलं! पंचांनी काडी घेतली, कडाक्कन मोडली, लग्न संपलं. राहत्या घराला कुलूप लागलं. हैबती गेला खालच्या आळीत भावाकडे, कोंडाई वरच्या आळीत बहिणीकडे. आता सहा वर्षांची बनी कुणाकडे?

"माझ्याकडे!" दोघंही ओरडले आणि भांडण भुजंगराजांपुढे आलं.

राजे महाहट्टी! त्यांनी मोडक्या काडीचे दोन तुकडे शेजारी शेजारी धरून पाहिले. "सारखे आहेत! मग पोरीचीही सारखी वाटणी. एक दिवस आईकडे, एक दिवस बापाकडे. झालं!"

झालं कसलं, डोंबल! बनी रोज बोचकं घेऊन आळ्या तुडवायला लागली. परकर वरच्या आळीत तर चोळी खालच्या आळीत. झोपेतून उठली की आधी विचारायची, "आज आईचा दिवस की बाबाचा?" तिचा दुधाचा दात पडला, तर तो कुणाच्या छपरावर फेकायचा हेच तिला कळेना. दात चिंधीत बांधून बिचारी रस्त्यातच रडत बसली.

राजवाड्यातल्या कोंबड्या सांभाळणारी भागू तिथून चालली होती. बनीचं रडं ऐकून तिचं डोकंच फिरलं. तडक गेली दरबारात!

"महाराज, पोर पार दमली. हुकूम फिरवा!"

"आमचा हुकूम फिरत नाही! वाटणी सारखीच राहणार. पोरीला न हलवता करून दाखव, नाहीतर महिनाभर खुराड्यात झोप!"

"बरं," भागू म्हणाली. "आणि आपल्या लाडक्या रणचंडी कोंबडीची पिल्लं दोन्ही राणीसाहेबांना सारखीच ना?"

"सारखी म्हणजे सारखी!"

रणचंडी तेव्हा खुडूक होती. अकरा अंड्यांवर नुकतीच बसवलेली. भागूने टोपली उचलली ती थोरल्या राणीच्या महालात! दुसऱ्या दिवशी धाकटीच्या महालात. तिसऱ्या दिवशी टोपली भर दरबारातून परत थोरलीकडे निघाली आणि रणचंडी बिथरली. पक् पक् पकाक! अंडी सोडून उडाली, प्रधानजींच्या टकलावर टेकली, तिथून थेट सिंहासनावर. राजे घाम पुसायला उठले होते, पागोटं काढून ठेवलं होतं. त्या पागोट्यात तिने ठाण मांडलं!

"अगं भागू, अक्कल गहाण टाकलीस का?" राजे ओरडले. "खुडूक कोंबडी कुणी हलवतं का? अंडी गारठतील!"

"मग वाटणी कशी करू, महाराज? सारखी म्हणजे सारखी!"

"राण्यांना हलव की! आज ही येईल, उद्या ती येईल. दोघींना पाय आहेत! कोंबडी जागची हलता कामा नये!"

"पाय तर हैबतीला आणि कोंडाईलाही आहेत, महाराज! जुन्या घराचं कुलूप काढा. बनी तिथेच राहील. एक दिवस आई येईल, एक दिवस बाप येईल. वाटणी सारखी, पोर जागच्या जागी, आणि हुकूमही आपलाच!"

राजे पोट धरधरून हसायला लागले.

मायबाप आणि बनीला दरबारात बोलावून हे सांगितलं, तसा हैबती पुढे आला. "म्हणजे बोचकं घेऊन आम्ही फिरायचं?"

"का रे? पोर फिरत होती तेव्हा बरं चाललं!" राजांनी दटावलं. कोंडाईने मान खाली घातली. बनी मात्र टाळ्या पिटत म्हणाली, "मग मला कढी एक दिवस गुळाची, एक दिवस बिनगुळाची!" आणि दाताची चिंधी घट्ट धरून ती आपल्या घराच्या छपराकडे धावत सुटली.

"भागू, माग काय हवं ते!"

"ते पागोटं द्या, महाराज."

"दिलं!"

भागूने अकराही अंडी अलगद रणचंडीच्या पोटाखाली सरकवली. "एकवीस दिवस भरून पिल्लं निघाली की नेईन. तोवर सिंहासनाला कुणी हात लावायचा नाही!"

"अगं, मग मी बसू कुठे?"

"सोपं आहे, महाराज. एक दिवस थोरल्या राणीसाहेबांकडे, एक दिवस धाकट्या राणीसाहेबांकडे!"

राजे एवढे हसले, एवढे हसले, की प्रधानजींनी त्यांना धरून ठेवलं, नाहीतर कोंबडीवरच बसले असते!